बोट वर होतं

हरिभाऊ शाळेच्या शिपायाला, कुंदनला, घेऊन वर्ध्याला जाऊ लागले, तेव्हा शाळेत त्यांनी सांगितलं की कुंदनच्या डोळ्यांचा इलाज चालू आहे. हे तसं खोटं नव्हतं. हरिभाऊ खोटं बोलणाऱ्यांतले नव्हतेच. ते खऱ्यातलं सोयीचं तेवढं बोलत. परिणाम असा झाला की गणिताच्या सरांनी मोतीबिंदू इतक्या कमी वयात निघाल्याबद्दल हळहळ व्यक्त केली आणि मुख्याध्यापकांनी घरून काळा चष्मा आणून दिला. कुंदन दोन दिवस तो चष्मा लावून शाळेची घंटा देत होता. कोणी काही दिलं तर नाही म्हणणं त्याला जमत नसे.

न जमण्याचं कारण साऱ्या हिंगणघाटला माहीत होतं. कुंदनच्या हातून एक माणूस मेला होता.

तेव्हा कुंदन विशी ओलांडून नुकताच पुढे आलेला, आईबाप नसलेला पोरगा होता आणि एका जिनिंगमध्ये स्टार्टरवर, म्हणजे मशीन चालू-बंद करायच्या बटणांपाशी, बसत होता. जिनिंगच्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंना रेचे असतात. ते कापसातून सरकी वेगळी करतात आणि माणसातून कान वेगळे करतात. त्यामुळे तिथे कोणी बोलत नाही, सगळा कारभार हातांवर चालतो. छातीसमोर हात आडवा हलवला की बंद कर. बोट वर करून हवेत गोल फिरवलं की चालू कर. ओठाशी अंगठा नेला की चहा, आणि पोटासमोर मोठं पोट काढून दाखवलं की मालक आला. बंदची खूण आणि चालूची खूण एकमेकींसारख्या अजिबात दिसत नाहीत. दिसू नयेत म्हणूनच त्या तशा ठरवलेल्या.

सरकी वाहून नेणारा एक लांब लोखंडी स्क्रू जमिनीतल्या नालीत फिरायचा. एका सकाळी तो अडकला. मशीन बंद झालं आणि जंगलू नावाचा मजूर नाली साफ करायला उतरला. स्टार्टरवरून नाली दिसत नसे, मधे सरकीचा ढीग होता. चालू करायची खूण मिस्त्रीनं द्यायची असे, आणि मिस्त्री होते हरिभाऊ. जंगलू वर यायच्या आत स्क्रू फिरला.

त्या संध्याकाळी हरिभाऊंनी कुंदनला जवळ घेतलं.

"बेटा, म्या बंद म्हटलं होतं," हरिभाऊ म्हणाले. "अजून थांब म्हणून हात केला होता. तुले धुळीत दिसलं नसंन. पन तू घाबरू नको. मी कोनाले सांगनार नाई."

आणि हरिभाऊंनी खरोखरच ते कोणाला सांगितलं नाही. आठवड्याभरात ते सगळ्यांना माहीत झालं. कागदावर चूक मृतकाची निघाली. चौकशीला आलेल्या साहेबांना तोच एक असा माणूस सापडला जो उलट बोलणार नव्हता. म्हणजे कागदावर जंगलूनं जंगलूला मारलं, गावात कुंदननं मारलं, आणि हरिभाऊंनी दोघांनाही सांभाळून घेतलं.

पुढे हरिभाऊ शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. त्यांनी कुंदनला शिपायाची नोकरी दिली, राहायला आपल्या जुन्या घराच्या दोन खोल्या दिल्या आणि बहिणीची मुलगी छाया त्याला दिली. कुंदन दारू पीत नव्हता, आवाज चढवत नव्हता, आणि कोणाचंही कुठलंही काम करायला पहाटेपासून तयार असायचा. लोक म्हणत, झालं ते वाईट झालं, पण पोरगा सोन्यासारखा निघाला. अपराधी माणूस किती उपयोगी पडतो याचा अनुभव आळीतल्या प्रत्येक घराला होता. त्याला फक्त फिरत फिरत काही आत ओढणारं किंवा वाटणारं यंत्र सोसत नसे. छाया मिरची वाटायला शेजारच्या सपनाकडे जाई, कारण घरात मिक्सर लावला की कुंदन अंगणात जाऊन उलटी करी.

हे सगळं असंच चाललं असतं, पण मार्चमध्ये शाळेच्या फाटकासमोर कोणी रसवंती टाकली. दोन रुळांमधून ऊस आत ओढला जाताना कुंदननं पाहिला आणि तो प्रयोगशाळेच्या कपाटामागे जाऊन बसला. त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटाच झाली नाही. पोरं वर्गात, मास्तर वर्गात, आणि नेमके त्या दिवशी तपासणीला आलेले अधिकारी वर्गाबाहेर. हरिभाऊंना हे खटकलं. त्यांनी वर्ध्याच्या एका कार्यक्रमात अध्यक्ष म्हणून बसल्या बसल्या एक भाषण ऐकलं होतं. नवीन इलाज निघाला आहे, डॉक्टर बोट हलवतात, पेशंट त्या बोटाकडे बघतो, आणि मनातली जुनी जखम भरते. भाषणाच्या शेवटच्या भागात हरिभाऊंचा डोळा लागला होता. त्यामुळे त्यांनी त्याचा अर्थ आपल्यापुरता पूर्ण केला.

"हे विसराची ट्रीटमेंट हाय," बसमध्ये त्यांनी कुंदनला सांगितलं. "डोळे हलवले का डोक्यातलं साफ. तू पाह्यजो."

मैत्रेयी मॅडमचा दवाखाना बॅचलर रोडच्या मागे एका घराच्या पुढच्या खोलीत होता. मॅडम पस्तिशीच्या, नागपूरला शिकून इथेच परतलेल्या. दवाखान्यात तपासायचं टेबल नव्हतं, सुया नव्हत्या, गोळ्याही नव्हत्या. दोन खुर्च्या आणि एक कूलर. हरिभाऊंना हे जरा कमी वाटलं.

"मॅडम, किती दिवसांत विसरंन हा?"

"विसरणार नाहीत ते," मॅडम म्हणाल्या. "आठवेलच. पण आता आठवतं तेव्हा जणू परत घडतंय असं वाटतं ना, तसं वाटणार नाही. झालं, होऊन गेलं, असं वाटेल. कधी कधी जास्त स्पष्टही आठवतं."

"जास्त?"

"हो. भीती होती म्हणून बघता आलं नव्हतं, ते बघता येतं."

हरिभाऊंनी खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, परत घातली. "बरं बरं," ते म्हणाले. "मी भायेर बसतो."

पहिल्या काही खेपा नुसत्या बोलण्यात गेल्या. मॅडमनी त्याला घाई केली नाही. एखादी जागा सांगा, त्या म्हणाल्या, जिथे काही होणार नाही असं वाटतं. कुंदननं बराच विचार करून शाळेची गच्ची सांगितली, सुट्टीच्या दिवशी, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. मग ती जागा डोळ्यांपुढे आणायचा सराव झाला. जास्त झालं तर तिथे परत यायचं, त्या म्हणाल्या, आणि थांबा म्हटलं की आपण थांबायचं. कुंदनला हे नवीन होतं. त्यानं थांबा म्हटल्यावर कोणी थांबेल, अशी त्याची आजवरची अपेक्षा नव्हती.

परत जाताना बसमध्ये हरिभाऊ विचारत, "आज काय काय आठवलं?"

"काई नाई, भाऊ. गच्ची."

"गच्ची? ते कायले?" हरिभाऊ म्हणत आणि खिडकीबाहेर पाहत.

मे लागला तेव्हा मॅडम म्हणाल्या, आज सुरू करू. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. त्या दिवसातलं सगळ्यात वाईट चित्र कोणतं, ते विचारलं. हिरवं बटण आणि त्यावरचा माझा अंगठा, कुंदन म्हणाला. ते चित्र बघताना स्वतःबद्दल काय वाटतं? म्या मारलं, कुंदन म्हणाला. शून्य ते दहामध्ये त्रास किती? कुंदन म्हणाला, दहाच्या वर काई हाय का?

"ते चित्र मनात ठेवा आणि डोळ्यांनी फक्त माझ्या बोटांच्या मागे जा," मॅडम म्हणाल्या आणि दोन बोटं त्याच्या तोंडासमोर धरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवू लागल्या.

कुंदन उठला, भिंतीपाशी गेला, कूलर बंद केला आणि परत येऊन बसला.

मे महिन्यात वर्ध्यात कूलर बंद करणारा माणूस मॅडमनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

"कूलरच्या आवाजाचा त्रास होतो का?"

"नाई जी. घरी हायच ना कूलर. त्याच्याच समोर झोपतो मी."

"मग बंद का केलात?"

"तुम्हीच म्हटलं."

"मी?"

कुंदननं हात छातीसमोर आडवा हलवून दाखवला आणि मग स्वतःच ओशाळला. "आमच्या हॉलमंधी हे बंद असते. हात आपोआप गेला, मॅडम. माफ कराजो."

मॅडमनी कूलर लावला, बसल्या, परत सुरुवात केली. कुंदन पुन्हा अर्धा उठला. शेवटी त्या बोटं तिरपी हलवू लागल्या, खालून वर, वरून खाली. जिनिंगमध्ये त्या खुणेला काही अर्थ नव्हता, त्यामुळे कुंदन खुर्चीत राहिला.

इलाज म्हणजे काय, तर एवढंच. बोटं हलायची, डोळे मागे जायचे, मॅडम थांबायच्या, म्हणायच्या, श्वास घ्या, आता काय येतंय? जे येईल ते सांगायचं, चांगलं-वाईट ठरवायचं नाही. मग परत बोटं. आधी वास आला, तेलाचा आणि ओल्या सरकीचा. मग आवाज. एका खेपेला त्याचे पाय खुर्चीवर इतके थरथरले की बाहेर हरिभाऊंनी दार वाजवलं. मॅडम आतूनच म्हणाल्या, ठीक आहे सगळं. आणि नवल म्हणजे ठीकच होतं. थरथर आली आणि गेली. इतकी वर्षं ती नुसती येत होती. जाते हे त्याला माहीत नव्हतं. घरी छायानं सांगितलं की तुम्ही आता झोपेत ओरडत नाही. दहाचे सात झाले, सातचे चार.

जून तोंडावर आला होता त्या खेपेला चित्र मोठं झालं.

"काय येतंय?" मॅडमनी विचारलं.

"बटन. अंगठा."

बोटं. श्वास.

"आता?"

"अंगठ्याच्या पुढं... पाहुणे हायेत."

"कोण पाहुणे?"

"मालकाचे. नागपूरचे. नाकाले रुमाल लावून उभे हायेत. चालू जिनिंग पाह्याले आलते. अन् जिनिंग तं बंद."

"त्याच्यासोबत राहा."

बोटं. श्वास.

"हरिभाऊ हायेत," कुंदन म्हणाला. "पाहुण्यायकडं पाहून राह्यले. मंग माह्याकडं."

"आणि?"

कुंदनचा उजवा हात मांडीवरून वर आला, एक बोट वर झालं आणि हवेत गोल फिरलं. त्यानं स्वतःच्या बोटाकडे असं पाहिलं की जणू ते दुसऱ्या कोणाचं होतं.

"भाऊ तं म्हनते बंद म्हटलं होतं," तो म्हणाला.

मॅडमनी हात खाली घेतले. "कुंदन, एक सांगते. आठवण म्हणजे सीसीटीव्ही नाही. ती बदलते, भरते, चुकते. मी तिथे नव्हते. असंच झालं होतं, असं मी म्हणू शकत नाही."

"तुम्ही म्हनू नका जी," कुंदन म्हणाला. तो शांत होता, याचं त्यालाच आश्चर्य वाटत होतं. "मी एक ईचारतो. कूलर काऊन बंद केला म्या?"

मॅडमनी कूलरकडे पाहिलं.

"इतके वर्षं झाले. तुम्ही नुसते बोटं हलवले, तं माहा हात उठून बटनावर गेला. मले ईचारलंबी नाई. तवा तं मी दिवसभर तेच करत होतो. मंग भाऊनं बंद म्हटलं असतं, तं म्या चालू केलं असतं कसं?"

मॅडमनी फक्त विचारलं, त्रास आता किती?

"भीती म्हनाल तं एक-दोन," कुंदन म्हणाला. "दुसरं हाय कायतरी. त्याले नंबर मालूम नाई मले."

बसमध्ये हरिभाऊंनी नेहमीप्रमाणे त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आज चेहरा चांगला दिसून राह्यला," ते म्हणाले. तो हात हिंगणघाट येईपर्यंत तिथेच होता. कुंदननं तो हटवला नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या हाताचं वजन समजलं.

छाया अंगणातल्या बाजेवर कुरडया वाळत घालत होती. कुंदन पाय न धुताच तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"छाया, बोट वर होतं. बंद नव्हतं म्हटलं. चालू म्हटलं होतं."

त्याला वाटलं होतं ती विचारेल, कोणाचं बोट, काय बोलून राह्यले, चक्कर आली का उन्हात. छायानं हातातली कुरडई नीट गोल केली, कपड्यावर ठेवली आणि मग म्हणाली,

"मामाले काई बोलले तं नाई ना तुम्ही?"

कुंदन बाजेच्या पायाला धरून खाली बसला. त्याच्या डोक्यात हे वाक्य हळूहळू उतरलं, मॅडमच्या बोटांसारखं तिरपं, खालून वर.

"तुले मालूम होतं."

"आवो, ऊन लागन, आत चाला."

"कवापासून?"

छायानं पदरानं हात पुसले. "लग्नाच्या आधीपासून. मी नाई म्हटलं होतं ना तुमाले. आईले म्हटलं, मी जीव देईन पन मानूस मारनाऱ्या मानसाशी लग्न नाई करनार. मंग मामा मले मागच्या खोलीत घेऊन गेला अन् म्हने, बाई, त्याच्या हातून काई झालं नाई. माह्या हातून झालं. पोरगा साफ हाय. तवा म्या हो म्हटलं."

म्हणजे जगात एका माणसाला खरं सांगावं असं हरिभाऊंना वाटलं होतं, आणि तो माणूस कुंदन नव्हता.

"मी रात्री उठून बसत होतो," कुंदन म्हणाला. "तू पाणी देत होती."

"देत होती ना."

"पाण्यासोबत एवढं सांगितलं असतं."

"अन् मंग?" छायाचा आवाज चढला, कारण तिला रडू येत होतं. "नोकरी मामाची, घर मामाचं. मामाले जेलात घालून आपन कुठं गेलो असतो? अन् मले वाटलं, आज ना उद्या इसरन. तुम्ही किती चांगले होते! सपनाचा नवरा पाहा, मंदाबाईचा जवाई पाहा. तुमी कदी हात उगारला का मले?"

"मी चांगला नव्हतो वं," कुंदन म्हणाला. "भेलेलो होतो."

छायानं त्याच्याकडे पाहिलं. दोन्ही गोष्टी एकच नव्हेत हे तिला त्याच क्षणी समजलं असावं, कारण ती बाजेवरच्या कुरडया तशाच सोडून आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

त्या रात्री कुंदनला गाढ झोप लागली. इलाज इतका पक्का झाला होता की रागानंसुद्धा तो मोडेना, आणि सकाळी त्याला याचाही राग आला.

तो हरिभाऊंच्या घरी गेला तेव्हा ते अंगणात कडुनिंबाखाली आंबे निवडत बसले होते. गवतातून एकेक काढायचा, दाबून पाहायचा, पिकलेला उजवीकडे, कच्चा डावीकडे.

"ये बेटा. छायीसाठी घेऊन जा हे."

"भाऊ, बोट वर होतं."

हरिभाऊंनी हातातला आंबा दाबला आणि उजवीकडे ठेवला. "कोन म्हनते?"

"मी म्हनतो. छाया पन म्हनते."

"छायी." हरिभाऊंनी मान हलवली. "झोप लागते का तुले आता?"

"लागते."

"सपनं?"

"नाई पडत."

"मंग झालं तं! ज्याच्यासाठी आपन जात होतो ते झालं ना? आता कायले उकरून काढतं?"

"माह्यावर काऊन टाकलं?"

"टाकलं कुठी?" हरिभाऊ खरोखर दुखावले. "पोलिसाले तुह्यं नाव सांगितलं म्या? मालकाले सांगितलं? एका कागदावर दाखव तुह्यं नाव. तुले एकट्याले सांगितलं, अन् तेबी मायेनं समजावून सांगितलं."

"मले एकट्यालेच काऊन?"

"मले तीन पोरी होत्या, बावा. पाहुणे उभे, मालक डोळे वटारून राह्यला, मले वाटलं जंगलू निघाला भायेर. वाटलं, एवढंच. आता एकाच्या डोक्यावर हे बसनारच होतं. माह्या डोक्यावर बसलं असतं तं सात जीव रस्त्यावर आले असते. तू एकटा जीव. तुले सहन होईन असं वाटलं." त्यांनी आणखी एक आंबा उचलला, पण दाबला नाही. "अन् सोडलं का तुले? नोकरी, घर, घरची पोरगी. एवढं कोन करते?"

एवढं खरंच कोणी करत नाही. कुंदन स्वतः ठिकठिकाणी हेच सांगत आला होता, डोळ्यांत पाणी आणून. त्यामुळे त्यानं दुसरंच विचारलं.

"मंग मले डॉक्टरकडं कायले नेलं?"

हरिभाऊंनी वर पाहिलं. आणि या एका वाक्यापुरतं तरी त्यांनी सोयीचं काही निवडलं नाही.

"मले वाटलं तू विसरशीन. तू विसरला असता, तं मी पन विसरलो असतो."

मग त्यांनी आंबे पिशवीत भरले आणि पिशवी पुढे केली. कुंदननं ती घेतली नाही. तो तसाच स्टँडवर गेला आणि समुद्रपूरच्या बसमध्ये बसला.

जंगलूचं गाव समुद्रपूरच्या पुढे, जंगलाच्या बाजूला होतं. गोंडांची दहा-पंधरा घरं आणि एक हातपंप. कुंदन दर पौषात, जंगलू गेला त्या महिन्यात, तिथे जायला निघायचा, समुद्रपूरच्या स्टँडपर्यंत पोचायचा आणि आलेल्या बसनं परत यायचा. या वेळी तो पुढे चालत गेला.

जंगलूची बायको भागीरथा दारासमोर तेंदूच्या पानांचे पुडके बांधत बसली होती. त्यानं नाव सांगितलं. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू स्टार्टरवाला?"

"हो."

"बस."

तिनं पाण्याचा तांब्या दिला आणि परत पानं जुळवू लागली. कुंदननं सगळं सांगितलं. बोट, पाहुणे, हरिभाऊ, आंबे. ती पानं मोजत नव्हती, हात आपोआप चालत होता. त्याचं बोलणं संपलं तेव्हा ती म्हणाली,

"आधी साहेब आला. म्हने, बाई, तुह्या नवऱ्याचीच चूक. मंग हिंगनघाटचे लोकं म्हने, स्टार्टरवाल्याची. आता तू म्हनतं, मिस्तरीची. समदे मले चूक सांगाले येते. तो मेला कसा, हे मले एकानं सांगितलं नाई. पांढऱ्या कपड्यात गुंडाळून आनला. तोंड पाहू देलं, बाकी उघडू नाई देलं."

इथे कुंदनची वाचा बसायची. नुसत्या विचारानं बसायची. त्यानं वाट पाहिली. बसली नाही. चित्र समोर आलं आणि फिरलं नाही.

"शर्ट काढून त्यानं दांडीवर टांगला होता," तो म्हणाला. "नालीत उतरताना मले म्हने," आणि त्यानं ओठाशी अंगठा नेला, "निघाल्यावर चहा. मंग बोट वर झालं अन् म्या बटन दाबलं. तो ढिगाच्या वर आला, छातीपर्यंत. एक हात खाली गुतला होता. दुसऱ्या हातानं त्यानं मले खूण केली, बंद कर. मिस्त्रीले नाई, मले. म्या त्याच टायमाले बंद केलं. पन ते जड असते. बटन दाबलं तरी थोडं फिरतेच."

भागीरथाचे हात थांबले होते. "तुनं बंद केलं ते दिसलं त्याले?"

"दिसलं. माह्याकडंच पाहत होता."

"लय येळ लागला?"

"नाई. मी सांगून राह्यलो, त्याच्याहून कमी."

शेजारच्या घरातली शेळी येऊन पानं खाऊ लागली, तरी तिनं तिला हाकललं नाही.

"एवढं सांगाले तुले इतके वर्षं लागले."

"मले ते पाह्यताच येत नव्हतं, बाई."

तिनं त्याला माफ केलं नाही, आणि त्यानं माफी मागितलीही नव्हती. तिनं विचारलं, "बोट वर कराच्या आधी मिस्तरीनं पाह्याचं नसते का?"

"असते. नालीतला मानूस समोर येऊन उभा राह्यला, त्याचं तोंड पाह्यलं, का मंगच बोट."

"अन् त्यानं नाई पाह्यलं."

"नाई."

भागीरथानं सुतळीचा गुंडा दारामागे टाकला, पानं पोत्याखाली झाकली आणि शेजारणीला हाक मारून शेळी बांधायला सांगितलं. मग लुगडं सारखं करून ती कुंदनसमोर उभी राहिली.

"चाल. कुठी राहते तो, दाखव मले."

कुंदनला माहीत होतं की आजच्या दिवसाअखेर त्याच्याकडे नोकरी असेल का, घर असेल का, हे सांगता येत नाही; आणि छाया दार उघडेल का, हे तर मुळीच नाही. तो उठला. दोघं डांबरी रस्त्यापर्यंत चालत आली आणि पळसाच्या सावलीत बसची वाट पाहत उभी राहिली. ऊन टळटळीत होतं. दूरवर एक बस दिसली, ती उलट्या बाजूची निघाली.

"शर्ट कोनता होता?" भागीरथानं रस्त्याकडे पाहतच विचारलं.

कुंदननं पाहिलं. दांडी होती, दांडीवर शर्ट होता.

"निळा," तो म्हणाला. "खांद्यावर फाटला होता. पांढऱ्या दोऱ्यानं शिवला होता."

"निळा दोरा नव्हता घरी," भागीरथा म्हणाली.